जनरलसाहेब, मुक्काम पोस्ट तोयोसु

कोंबिनीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, डबा घेतला की सोबत लाकडी चॉपस्टिक्स मिळतात. कोणी मागत नाही, टाकवतही नाहीत, आणि एक दिवस स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडेनासा होतो. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. मी काही ते गोळा करायला बसले नव्हते. मी टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. पण गेल्या वर्षभरात आमच्या क्लायंटने शोधायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

क्लायंट म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एक देश. अख्खा देश! नाव सांगत नाही, कारण आमच्या टीममधल्या सेदू-सानची माणसं अजून तिथेच आहेत. त्या देशाच्या सरकारची वेबसाइट टोकियोत तोयोसु भागातल्या आमच्या ऑफिसातून चालते. लसीकरण कधी, शाळेचा निकाल कुठे, जन्मदाखला कोणाकडे, असलं साधं काम. प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते. मग एका पहाटे रणगाडे घेऊन जनरलसाहेब आले. आमच्या वरच्या मंडळींनी जाहीर केलं की कंपनी राजकारण करत नाही, सर्व्हर चालवते.

टीम लहान आहे. मोरिता-सान आमचे प्रमुख, पन्नाशीचे, आवाज कधी न चढवणारे. पेंडसे पुण्याचे, मुक्काम कावासाकीच्या टॉवरमध्ये. सेदू त्याच देशातला, इथे शिकायला आला आणि राहिला. क्लायंटची भाषा आणि क्लायंटचे मूड, दोन्ही तोच सांभाळतो. आणि मी मानसी, ओजिमाहून, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीतून येते.

बाकी किश्श्यांना तुम्ही खुशाल हसा. पण वर्षभर आम्हाला खरा घोर होता तो एकाच गोष्टीचा. सेदूचे वडील जिवंत घरी येतात की नाही.

* * *

सत्ता उलटल्यानंतरचा पहिला कॉल. आमचे कॉल संध्याकाळी पाचला होतात, तेव्हा तिकडे सकाळचे आठ. स्क्रीनवर नेहमी एक गुबगुबीत, हसरे डायरेक्टर असायचे. त्या दिवशी त्यांच्या खुर्चीत गणवेशातला तरुण कॅप्टन बसला होता.

जपानी ऑफिसात माणूस बदलला की जुना माणूस नव्याला घेऊन येतो, ओळख करून देतो, दोघं मिळून वाकतात, आणि मग जुना जातो. एवढं झाल्याशिवाय मोरिता-सानना अन्न गोड लागत नाही. त्यांनी वाकून विचारलं, "आधीच्या डायरेक्टरांकडून हँडओव्हर व्यवस्थित झालं ना?"

सेदूने चाचरत भाषांतर केलं. कॅप्टन म्हणाला, "ते आमच्या ताब्यात आहेत."

मोरिता-सानना वाटलं, म्हणजे अजून ऑफिसातच आहेत. "मग त्यांना वेळ असेल तर एकदा कॉलवर बसवा. अनुभवी माणूस आहे."

कॅप्टनने जरा विचार केला. "वेळ भरपूर आहे त्यांच्याकडे."

आणि पुढच्या आठवड्यात डायरेक्टर खरंच कॉलवर आले. टाय नव्हता, दाढी वाढलेली, मागे बंदूकवाला शिपाई उभा. त्यांनी सगळे पासवर्ड नीट समजावून सांगितले. मोरिता-सान वाकले, ते वाकले, शिपाई त्यांना घेऊन गेला. मोरिता-सान आम्हाला म्हणाले, "फार जबाबदार माणूस."

* * *

आता पेंडसे. असा माणूस प्रत्येक मराठी ऑफिसात एक असतो, परदेशात गेल्यावर फक्त जास्त ठळक होतो. सत्ता उलटल्याची बातमी आली आणि यांचा चेहरा उजळला.

"शिस्त हो, शिस्त! आपल्याकडेसुद्धा पाच वर्षं देश मिलिटरीच्या हातात द्यायला पाहिजे. सगळे सुतासारखे सरळ येतील."

सेदू शेजारी बसला होता. त्याला मराठी येत नाही, पण 'मिलिटरी' कळलं असावं. तो हेडफोन लावून कामाला लागला.

त्याच आठवड्यात पेंडसे लालबुंद होऊन ऑफिसला आले. त्यांच्या टॉवरच्या रहिवासी मंडळाच्या प्रमुख एक सत्तरीच्या आजी आहेत. पेंडशांनी प्लास्टिकच्या बाटल्या झाकणासकट, तेही भलत्याच वारी, कचऱ्यात ठेवल्या होत्या. आजींनी पिशवी उचलली आणि जशीच्या तशी पेंडशांच्या दारात आणून ठेवली. वर पिवळी चिठ्ठी: कृपया पुन्हा वेगळं करा.

"मला विचारलं नाही, माझी बाजू ऐकून घेतली नाही, थेट निकाल! मी मंडळाला सविस्तर मेल टाकलाय. कोणत्या नियमाखाली, ते दाखवा म्हटलं."

मी म्हटलं, "अहो पेंडसे, शिस्त."

"ही शिस्त नाही," पेंडसे म्हणाले, "ही हुकूमशाही आहे."

* * *

जनरलसाहेबांचा फोटो वेबसाइटच्या प्रत्येक पानावर हवा, असा हुकूम आला. फोटो आला तो इतका अवजड की त्या देशातल्या साध्या फोनवर पान उघडायलाच मिनिटं जाऊ लागली. मी रीतसर बग टाकला, म्हणजे चूक नोंदवली. मोरिता-सान म्हणाले, फोटो थोडा लहान करू, एवढंच तर आहे.

कॅप्टन म्हणाला, "जनरलसाहेबांना लहान करण्याची परवानगी देण्याचा अधिकार मला नाही."

"मग कोणाला आहे?"

"जनरलसाहेबांना."

विचारायची तयारी कोणाचीच नव्हती. शेवटी तोडगा कॅप्टननेच काढला. पान जड होतंय ना? मग पानावरचं बाकीचं काढा. लसीकरणाच्या पानावरून आधी नकाशा गेला, मग वेळापत्रक गेलं, मग केंद्रांचे पत्ते गेले. आज तुम्ही ते पान उघडा, झटकन उघडतं. वर 'लसीकरण' असं लिहिलंय आणि खाली जनरलसाहेब आहेत. ज्या बाईच्या कडेवर तापलेलं मूल आहे तिने या फोटोचं काय करायचं, हे विचारायला कोणत्याही सरकारी पानावर जागा नाही.

* * *

सेदूच्या वडिलांचं आता सांगते. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. देशाच्या उत्तरेकडच्या एका बाजाराच्या गावी त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. कॉल संपला की सेदू त्यांना फोन लावायचा आणि ते स्क्रीनवर आम्हा सगळ्यांची चौकशी करायचे. सेदूच्याच भाषांतरातून मला म्हणायचे, "मानसी, माझा मुलगा जेवतो का नीट?" मी म्हणायचे, "मास्तर, तो फक्त कोंबिनीतले ओनिगिरी खातो." मग ते त्याला माझ्यासमोर झापायचे. ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे हे कळल्यावर थोडे शांत झाले.

त्यांच्या गावात सकाळी औषधाच्या दुकानाबाहेर चार म्हातारे चहा घेत बसतात. रेडिओ चालू असतो. जनरलसाहेबांच्या फौजेने बंडखोरांकडून आज इतकी गावं मुक्त केली, काल इतकी, असं रोज सांगतात. मास्तर त्यांच्यात बसून रोज ऐकायचे आणि बेरीज करायचे, सवयच ती. एका सकाळी म्हणाले, "अभिनंदन. आपल्या जिल्ह्यात जेवढी गावं आहेत त्यापेक्षा जास्त मुक्त झाली."

चहा पिणारे हसले. त्यातला एक जण हसला आणि मग जाऊन सांगून आला.

दोन दिवसांनी जीप आली. मास्तरांना अटक झाली नाही. त्या देशात आता टीका करणाऱ्याला अटक करत नाहीत, सैन्यात भरती करतात आणि आघाडीवर पाठवतात. "आजोबा, तुम्हाला या भागाची एवढी माहिती आहे, देशाला तुमची गरज आहे." सत्तरी गाठलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या माणसाला गणवेश दिला. कागदावर ते स्वयंसेवक!

सेदूने हे आम्हाला लंचला सांगितलं. अगदी सपाट आवाजात, जपानीत, ऑफिसच्या अदबशीर जपानीत. पेंडसे घास खाली ठेवून म्हणाले, "पण काहीतरी केलं असेल ना? उगाच कोणाला नेतात का?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि उठले. बोलले असते तर मराठीतच बोलले असते आणि मग पेंडशांना दुसरं टेबल शोधावं लागलं असतं.

* * *

पुढच्याच कॉलला कॅप्टनने सेदूला स्वतःहून सांगितलं, "वडिलांची काळजी नको. ते आमच्याकडे आहेत." डायरेक्टरांबद्दलही तो असंच बोलला होता. त्या दिवसापासून सेदू एकही कॉल चुकवेना. ताप असताना मास्क लावून आला. मी म्हटलं, "सेदू-सान, घरी जा, मी सांभाळते." तो म्हणाला, "मानसी-सान, मी चांगला वागलो तर ते त्यांना मागच्या तुकडीत ठेवतील."

हे खरं की खोटं ते त्यालाही माहीत नव्हतं. हुकूमशाहीत माणूस असाच पकडून ठेवतात. तिकडे बाप, इकडे मुलगा, आणि मध्ये आमचं टीम मीटिंगचं कॅलेंडर.

* * *

वेबसाइटवर एक घड्याळ होतं, 'निवडणुकीला उरलेले दिवस'. जनरलसाहेबांनी पहिल्याच भाषणात वचन दिलं होतं. आकडा कमी होत शून्याजवळ आला की कॅप्टनचा मेसेज यायचा: तारीख पुढे करा, सुरक्षेची परिस्थिती. पुन्हा जवळ आला, पुन्हा पुढे. एकदा पावसाळा आडवा आला, एकदा मतदारयाद्या. एकदा तर कारणही दिलं नाही, कंटाळले असावेत.

मोरिता-सानना तेच काम पुन्हा पुन्हा करायचा मनस्वी तिटकारा. त्यांनी कॉलवर नम्रपणे सुधारणा सुचवली. "घड्याळ उलटं चालवण्याऐवजी सुलटं चालवलं तर? उरलेले दिवस नको, झालेले दिवस दाखवू. पुन्हा बदलावं लागणार नाही."

आम्हाला वाटलं आता कॅप्टन भडकणार. सेदूचा तर चेहराच उतरला.

कॅप्टन खूश. दुसऱ्या दिवशी वरून मंजुरी आली, सोबत मोरिता-सानसाठी प्रशस्तिपत्र. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये पालथं ठेवलंय.

* * *

मग 'राष्ट्रीय जनसल्लामसलत' झाली. जनरलसाहेबांनी पदावर राहावं का, यावर वेबसाइटवर जनतेचं मत घ्यायचं. पर्याय तीन: हो, नाही, सांगता येत नाही.

आधी 'नाही' काढायला सांगितलं, कारण त्याने एकोपा बिघडतो. आठवड्याने 'सांगता येत नाही' पण काढायला सांगितलं, कारण जनरलसाहेबांबद्दल सांगता येत नाही म्हणजे काय? उरला 'हो'. मी टेस्ट केलं. पान उघडलं की 'हो' आधीच निवडलेलं, आणि ते काढता येत नाही. बटण दाबलं नाही आणि नुसतं पान बंद केलं तरी मत नोंदलं जातं.

मी बग टाकला, तीव्रता 'गंभीर'. पेंडशांनीच तो कोड लिहिला होता. त्यांनी बग बंद केला आणि कारण लिहिलं: 'अपेक्षेप्रमाणे चालतंय.'

लंचला मी त्यांना विचारलं, "पेंडसे, पुण्यात तुमच्या सोसायटीच्या निवडणुकीत असं केलं तर?"

"कोर्टात खेचीन," पेंडसे म्हणाले. आणि मग मान खाली घालून जेवत राहिले. त्या दिवसापासून शिस्तीबद्दलची व्याख्यानं जरा कमी झाली, एवढं मान्य करायला हवं.

* * *

मोरिता-सान घाबरट आहेत असं माझं मत होतं. ते बदललं त्याचा हा किस्सा.

कॅप्टनने मागणी केली की साइटवर तक्रारी लिहिणाऱ्यांचे फोन नंबर द्या. मोरिता-सान हसरा चेहरा ठेवून म्हणाले, "आम्ही यावर सकारात्मक विचार करू."

जपानमध्ये चार महिने काढलेल्या कोणालाही कळतं की याचा अर्थ 'मेलो तरी नाही' असा होतो. कॅप्टनला कळला नाही. तो आभार मानून गेला.

पुढच्या वेळी मोरिता-सान म्हणाले, विषय संबंधित विभागाकडे गेलाय. मग विभागाची बैठक झाली, बैठकीत आणखी एक बैठक घ्यायचं ठरलं. मग मे महिन्याच्या सुट्ट्या आल्या. मग त्या विभागाचे प्रमुख बदलले, त्यांना सगळं पहिल्यापासून समजावायचं होतं. दर कॉलला मोरिता-सान खोल वाकून उशिराबद्दल माफी मागायचे. एकाही माणसाचा नंबर गेला नाही.

शेवटी कॅप्टनच थकला. म्हणाला, "आमच्याकडे बंदुका आहेत, तरी आम्हाला एखादी गोष्ट इतकी पुढे ढकलता येत नाही."

* * *

महिनोन्‌महिने मास्तरांचा पत्ता नव्हता. सेदूची आई फोनवर फक्त रडायची. मग एका संध्याकाळी होमपेजसाठी फोटो आले, 'आघाडीवरचे आनंदी स्वयंसेवक'. सेदू ते एकेक चढवत होता आणि एका फोटोवर त्याचा हात थांबला. दोन मापं मोठ्या गणवेशात, बाह्या दुमडलेल्या, गालफडं बसलेली. पण मास्तरच. सेदू उठून जिन्याकडे गेला. मी पाच मिनिटांनी गेले तर पायरीवर बसून रडत होता, जिवंत आहेत, जिवंत आहेत, असं म्हणत.

कॅप्टनला हा म्हातारा सेदूचा बाप आहे हे लक्षातच नव्हतं. इतक्या लोकांना नेल्यावर कोण कोणाचा बाप हे कसं लक्षात राहणार? त्याला एवढंच दिसलं की सगळ्यात वयस्कर स्वयंसेवक हाच. प्रचाराला उत्तम. जनरलसाहेबांच्या सत्तेला वर्ष पूर्ण होत होतं, सोहळा उत्तरेतच एका बाजाराच्या गावी व्हायचा होता. म्हाताऱ्याला पदक द्यायचं, दोन शब्द बोलायला लावायचं, सगळं लाइव्ह दाखवायचं, असं ठरलं.

एकच अडचण. जनरलसाहेब आणि राजधानीतली मंडळी फ्रेंच बोलतात, उत्तरेकडची भाषा त्यांना येत नाही. म्हणून स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लावायचा आणि त्यावर फ्रेंच सबटायटल्स सोडायची. टाइप करणार कोण? ती भाषा आणि फ्रेंच दोन्ही येणारा टीममध्ये एकच माणूस होता.

* * *

उन्हं तापायच्या आत सोहळा, म्हणजे आमची संध्याकाळ. मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं. पेंडसे सर्व्हर बघत होते, मी पडद्यावर अक्षरं नीट उमटतात का ते. सेदूची बोटं कीबोर्डवर. फुटबॉलच्या मैदानात गाव जमवलेलं. जनरलसाहेब काळा चष्मा लावून मधल्या खुर्चीत.

मास्तरांना पदक लावलं, माइक हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, मैदानाकडे पाहिलं आणि वर्गात बोलावं तसं, सावकाश बोलायला लागले.

पहिल्या वाक्याला बायकांच्या रांगेत ओढणी तोंडावर गेली. दुसऱ्या वाक्याला मागचे तरुण खांदे हलवायला लागले. तिसऱ्याला अख्खं मैदान हसलं. पहाऱ्यावरचे शिपाई त्याच भागातले होते, ते समोर बघत ओठ चावत होते. प्रांताचा गव्हर्नर स्वतःच्या बुटांकडे पाहत बसला. जनरलसाहेबांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

पडदा कोरा होता. सेदूची बोटं थांबली होती. कॅप्टनचा मेसेज आला: सबटायटल्स कुठे आहेत?

मोरिता-सान हळूच म्हणाले, "सेदू-सान, उशीर होतोय."

सेदूने टाइप केलं: 'सैन्यातलं जेवण उत्तम आहे. जनरलसाहेब आमच्यासाठी फार कष्ट घेतात. मला इथे तरुण झाल्यासारखं वाटतं.'

जनरलसाहेबांनी वाचलं. मैदान लोळत होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग तेही हसले. सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठ्याने. टाळ्याही वाजवल्या.

पेंडशांनी विचारलं, "काय म्हणाले हो ते?"

"पडद्यावर आहे ना," सेदू म्हणाला.

"पण जेवणावर लोक एवढे हसतात?"

"उत्तम आहे ना जेवण."

अर्ध्या तासाने कॅप्टनचा मेसेज आला. सेदूने तो आम्हाला वाचून दाखवला, आवाज सांभाळत. जनरलसाहेब अतिशय प्रसन्न आहेत. जनतेला इतकं आनंदी त्यांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. या स्वयंसेवकाला आजपासून आघाडीवरून मोकळं करण्यात येत आहे. त्याने सरकारी जीपमधून, लष्करी बंदोबस्तात, उत्तरेतल्या प्रत्येक बाजाराच्या गावी जाऊन हेच भाषण करावं. एक शब्दही बदलू नये.

मोरिता-साननी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, पुन्हा लावला.

"सेदू-सान," ते म्हणाले, "म्हणजे सबटायटल्सही तीच पुन्हा वापरता येतील?"